बारशासाठी क्रोशाची चिमणी: सूत, सुई, फेऱ्या आणि भोकं का पडतात

प्रश्न थोडक्यात असा: मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला हाताने विणलेली छोटी चिमणी द्यायची आहे. क्रोशाचे रुमाल आणि तोरणं चांगली येतात, पण खेळणं विणायला घेतलं की टाक्यांमधून आतला कापूस दिसतो, डोकं षटकोनी होतं आणि भरलं की पोट एका बाजूला कलतं. नमुना कोणता घ्यावा, सूत किती लागेल, डोळे कसे लावावेत?

नमुना खाली देते आहे, पण नमुना बदलून भोकं बुजणार नाहीत. तुमचा हात रुमालाला बसलेला आहे. रुमालात टाका मोकळा लागतो, जाळी उठून दिसायला हवी, कापडाला लोंब हवी. खेळण्यात बरोबर उलटं. इथे विणलेलं कापड म्हणजे पिशवी असते. आत दाबून भरलेलं बाहेर डोकावू द्यायचं नाही आणि आकार धरून ठेवायचा, ही दोन्ही कामं त्या कापडालाच करायची असतात. म्हणून नमुन्याआधी सूत आणि सुई यांची जोडी जमवा. बाकीचे दोन दोष त्यामानाने किरकोळ आहेत, त्यांची कारणं ओघात येतील.

बाळासाठी सुती धागाच घ्या. दुकानात ‘मिल्क कॉटन’ नावाने ५ प्लायचा मऊ धागा मिळतो, ५० ग्रॅमचे गोळे असतात. त्यात टाका स्पष्ट दिसतो आणि धागा फार निसरडाही नसतो. ॲक्रिलिक लोकर स्वस्त पडते आणि रंगही भरपूर मिळतात, पण ती ताणते, काही दिवसांत तिच्यावर बोंडं धरतात, आणि बाळ खेळणं तोंडात घालणार हे ठरलेलंच आहे. मखमली धागा फोटोत गोंडस दिसतो, मात्र त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाने चाचपून मोजावे लागतात. पहिल्या खेळण्याला तो घेऊ नका.

गोळ्यावरच्या पट्टीवर सुईचा आकडा छापलेला असतो. तो अंगातल्या कपड्यांसाठी असतो. खेळण्यासाठी त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर बारीक सुई घ्यायची. या ५ प्लायच्या धाग्याला २.५ मिमीची सुई बहुतेकांच्या हाताला बरोबर बसते. हात फारच सैल असेल तर २.२५ किंवा २ मिमी. सुई टाक्यात घालताना थोडा जोर लागला पाहिजे, पण मनगट दुखता कामा नये. दुखत असेल तर सुई नाही, धाग्यावरची पकड सैल करा.

खात्री करायची असेल तर पहिल्या पाच फेऱ्या विणून थांबा. तो गोल तर्जनीच्या टोकावर टोपीसारखा ताणून बसवा आणि उजेडात धरा. टाक्यांमधून नखाचा रंग दिसला तर कापूसही दिसणार. उसवा आणि एक आकडा खालची सुई घ्या. पाच फेऱ्यांचा हा गोल साडेतीन ते चार सेंटिमीटर भरावा. पाच सेंटिमीटर भरला तर हात अजून रुमालातच आहे.

भोकं कमी करायची आणखी एक सवय आहे, आणि ती सुई बदलण्याइतकीच उपयोगी पडते. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका, घालताना टाक्यात सुई घातली की आपण सुईला धाग्याचा वेढा देतो आणि ओढतो. त्याऐवजी सुईचं वाकडं टोक धाग्याच्या वरून न्या आणि धागा खाली दाबून ओढून घ्या. सुईवर दोन फेरे आले की पुढचा वेढा मात्र नेहमीसारखाच द्यायचा. असा टाका बसका होतो, समोरून इंग्रजी ‘व्ही’ऐवजी फुलीसारखा दिसतो आणि उजवीकडे कमी झुकतो. तुमचं पोट कलण्यामागे या झुकण्याचा मोठा वाटा आहे. उजव्या हाताने गोल-गोल विणताना प्रत्येक टाका खालच्या टाक्यापेक्षा किंचित उजवीकडे बसतो. दहा-पंधरा फेऱ्यांत फेरीची सुरुवात चांगलीच सरकते, आणि मोजून समोर घातलेली छाती बाजूला जाते.

आता साहित्य. तपकिरी आणि बदामी धागा, प्रत्येकी वीस-पंचवीस मीटर. म्हणजे एकेका गोळ्यात दोन-तीन चिमण्या सहज होतात. चोचीसाठी मळकट पिवळा किंवा करडा, डोळ्यांसाठी काळा आणि एका ठिपक्यापुरता पांढरा. पॉलिएस्टरचा फायबर, जो उशांमध्ये भरतात तो, दहा-पंधरा ग्रॅम. उशीतला साधा कापूस नको, धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि तो आतून लवकर वाळत नाही. बोथट टोकाची लोकरीची सुई, रंगीत डोक्याच्या टाचण्या आणि फेरीची खूण म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा.

तपकिरी आणि बदामी शेजारी येणार असल्यामुळे विणण्याआधी तपकिरीचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर घासून बघा. रंग उतरला तर तो धागा बाजूला ठेवा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात, पण सुताच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

इंग्रजी व्हिडिओ बघून विणत असाल तर एक घोळ माहीत असू द्या. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’. ब्रिटिश नमुन्यात त्याच टाक्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला तर मुका खांब हवा तिथे पूर्ण खांब पडतो. खांबाच्या कापडात कापूस कधीच राहत नाही. खेळण्यांच्या या पद्धतीला जपानी नाव आहे, अमिगुरुमी. विणणं या अर्थाचा ‘अमि’ आणि भरलेलं खेळणं म्हणजे ‘नुइगुरुमी’, या दोन शब्दांचा तो जोड आहे. त्यात जवळपास सगळं काम मुक्या खांबाचंच असतं.

खालच्या नमुन्यात डोकं आणि धड एकसंध आहे. चिमणीला मान अशी दिसतच नाही, त्यामुळे ते शोभतं. शिवाय बाळाने डोकं धरून ओढलं तरी निघून येईल असा सांधाच तिथे नसतो. फेऱ्या जोडायच्या नाहीत, सलग वळत जायचं, आणि प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा सरकवत राहायचं. ‘वाढ’ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. ‘घट’ म्हणजे दोन टाक्यांचा एक. ‘तशीच’ म्हणजे प्रत्येक टाक्यात एक मुका खांब. ‘मॅजिक रिंग’ म्हणजे ओढून आवळता येणारं धाग्याचं कडं. ओळीच्या शेवटी रेघेनंतरचा आकडा त्या फेरीअखेरचे टाके सांगतो.

तपकिरी धागा:
फेरी १: मॅजिक रिंगमध्ये ६ मुके खांब – ६
फेरी २: प्रत्येक टाक्यात वाढ – १२
फेरी ३: (१ मुका खांब, वाढ) सहा वेळा – १८
फेरी ४: (१ मुका खांब, वाढ, १ मुका खांब) सहा वेळा – २४
फेरी ५: (३ मुके खांब, वाढ) सहा वेळा – ३०
फेरी ६ ते ८: तशाच – ३०

बदामी धागा:
फेरी ९ ते ११: तशाच – ३०
फेरी १२: १२ मुके खांब, सलग ६ वाढी, १२ मुके खांब – ३६
फेरी १३: तशीच – ३६
फेरी १४: १५ मुके खांब, सलग ६ वाढी, १५ मुके खांब – ४२
फेरी १५ ते २०: तशाच – ४२
(इथे थांबून डोकं भरायचं आणि डोळे काढायचे)
फेरी २१: (५ मुके खांब, घट) सहा वेळा – ३६
फेरी २२: तशीच – ३६
फेरी २३: (४ मुके खांब, घट) सहा वेळा – ३०
फेरी २४: फक्त मागच्या दोऱ्यातून (३ मुके खांब, घट) सहा वेळा – २४
फेरी २५: (२ मुके खांब, घट) सहा वेळा – १८
(पोट भरून पूर्ण करायचं)
फेरी २६: (१ मुका खांब, घट) सहा वेळा – १२
फेरी २७: ६ घटी – ६

चौथ्या फेरीत वाढ मध्ये घेतली आहे, हे तुमच्या षटकोनी डोक्याचं उत्तर. दर फेरीत वाढ आधीच्या वाढीच्या डोक्यावरच बसली तर सहा ठिकाणी कोपरे उभे राहतात. एक फेरी मध्येच अर्ध्या घराने सरकवली की कोपरे विरतात आणि गोल गोलच राहतो.

मॅजिक रिंग सुती धाग्यात सुटते, अशी पुष्कळांची तक्रार असते. रिंग ओढून बंद केल्यावर सुटं टोक आतून रिंगच्या दिशेने एक वेढा आणि मग उलट दिशेने एक वेढा असं ओवा, त्यानंतरच कापा. एकाच दिशेने ओवलेलं टोक ओढलं की तसंच निघून येतं. रिंग जमतच नसेल तर दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घाला. रुमालाच्या सवयीमुळे तुम्हाला हे सोपं जाईल. मधलं बारीक भोक नंतर धाग्याच्या सुट्या टोकाने आवळता येतं.

पाचव्या फेरीपर्यंत कापड वाटीसारखं वळायला लागतं आणि बऱ्याचदा उलटं वळतं. सुलट बाजूला फुल्या किंवा ‘व्ही’ दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा. सुई वाटीच्या बाहेरून आत जायला हवी. आतून बाहेर येत असेल तर वाटी उलटी करून घ्या. हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळांची खेळणी उलट्या बाजूने विणली जातात. मग घटी विचित्र दिसतात आणि कुठे चुकलं ते कळत नाही.

आठव्या फेरीनंतर रंग बदलताना तपकिरीचा शेवटचा मुका खांब शेवटच्या ओढीपर्यंत विणा आणि ती शेवटची ओढ बदामी धाग्याने घ्या. बदामीचा पहिला टाका मुका खांब न घालता नुसता सरकता घाला, म्हणजे टाक्यात सुई घालून धागा थेट सुईवरच्या फेऱ्यातूनही काढायचा. पुढच्या फेरीत त्याच टाक्यावर मुका खांब येतो. यामुळे दोन रंगांच्या सांध्यावर पडणारी पायरी जवळपास नाहीशी होते. जी राहते ती पाठीकडे राहते, कारण छातीच्या वाढी फेरीच्या मध्यावर घातल्या आहेत आणि फेरीची सुरुवात मागे ठेवली आहे.

बाराव्या आणि चौदाव्या फेरीत सहा-सहा वाढी एकाच जागी का, हा प्रश्न पडेल. चारही बाजूंनी सारखी वाढ केली तर भोपळा होतो. चिमणी छाती पुढे काढून बसते, पाठ तिची सरळ असते. या बारा वाढींनी समोरचं कापड मागच्यापेक्षा जास्त होतं आणि भरल्यावर छाती आपोआप पुढे येते. इथे एक काळजी घ्या. टाके सरकत असल्यामुळे चौदावी फेरी घालताना नुसत्या आकड्यावर जाऊ नका. बाराव्या फेरीतल्या वाढींच्या बरोबर वर नव्या सहा वाढी पडतात का ते डोळ्यांनी बघा. एक-दोन टाके इकडे-तिकडे करून फेरीची बेरीज ४२ आली म्हणजे झालं. तोंड कुठे ते मग छातीवरून ठरवायचं. छातीचा मध्य टाचणीने ठरवा, त्याच्या सरळ वर चोच येईल.

घट नेहमीच्या पद्धतीने घातली तर तिथे गाठीसारखा उंचवटा आणि शेजारी भोक येतं. प्रत्येक टाक्याच्या वरच्या अंगाला साखळीचे दोन दोरे असतात. सुई आधी पहिल्या टाक्याच्या फक्त समोरच्या दोऱ्यात, मग लगेच दुसऱ्याच्या समोरच्या दोऱ्यात घाला, दोन्हींतून धागा एकदम काढा आणि मुका खांब पुरा करा. ही घट बाहेरून ओळखूसुद्धा येत नाही.

चोविसावी फेरी मागच्या दोऱ्यातून घेतली की तिथे कापड मुडपतं आणि खाली बसका तळ तयार होतो. चिमणी बसावी म्हणून पोटात तांदूळ, मूग किंवा राई घालायचा मोह होतो, तो आवरा. धान्याला कीड लागते, धुताना ते भिजतं, आणि शिवण उसवली तर थेट बाळाच्या तोंडात जातं. सपाट तळ आणि मागे टेकलेली शेपटी एवढ्यावर ती छान बसते.

भरणं हे विणण्याइतकंच कौशल्याचं काम आहे, पण घाईत सगळ्यात जास्त तेच बिघडतं. फायबरचा एक मोठा गोळा करून आत कोंबला की तो गोळा म्हणूनच राहतो, आणि बाहेरून हाताला टेंगूळ लागतं. फायबर आधी बोटांनी पिंजून घ्या, चिमूट-चिमूट आत सोडा आणि पेन्सिलच्या बोथट टोकाने कापडाच्या भिंतीकडे सारा. मध्य शेवटी भरायचा. विसाव्या फेरीवर तोंड मोठं उघडं असतं, तेव्हा डोकं पूर्ण भरून घ्या, कारण नंतर पेन्सिल तिथवर नीट पोचत नाही. मान नसली तरी अकराव्या-बाराव्या फेरीच्या आसपास थोडं जास्त दाबून भरा. तिथे भर कमी पडली तर आठवड्याभरात डोकं पुढे वाकतं. भर पुरेशी झाली का, हे अंगठ्याने कळतं: दाबल्यावर खळगा पडावा आणि अंगठा काढताच भरून यावा. खळगाच पडत नसेल तर भर जास्त झाली आहे, टाके ताणून त्यांच्यात उजेड दिसायला लागेल.

शेवटच्या सहा टाक्यांच्या समोरच्या दोऱ्यांमधून सुईने धागा ओवून आवळा. मग तीच सुई तळाच्या मध्यातून आत घालून पाठीवर काढा, किंचित ओढा आणि तिथे बारीक गाठ घेऊन टोक पोटात गुडुप करा. या ओढीने तळ थोडा आत जातो आणि चिमणी डुगडुगत नाही.

डोळ्यांबद्दल मात्र ठाम सांगते. बाळासाठी प्लॅस्टिकचे डोळे, मणी, बटणं काहीही लावायचं नाही, डोळे भरतकामाचेच हवेत. ‘सेफ्टी आइज’ या नावावर जाऊ नका. त्यांची मागची चकती सुटत नाही हे खरं, पण विणलेल्या कापडाचं भोक ओढून-चावून मोठं होतं आणि चकतीसकट डोळा बाहेर येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ज्या नळीत टाकून तपासतात, तिचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो. दाब न देता तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याइतकी लहान मानतात. डोळा तर फक्त आठ मिलिमीटरचा असतो.

डोळे आठव्या फेरीवर, म्हणजे तपकिरी टोपीच्या काठावर, एकमेकांपासून १० टाक्यांवर काढा. काळ्या धाग्याने एकाच मुक्या खांबावर चार-पाच आडवे टाके शेजारी-शेजारी घाला, वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा एकच बारीक टाका द्या. तो पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, नाहीतर चिमणी तिरळी दिसते. डोळे खाली आणि दूर घेतले की पिल्लू दिसतं, वर आणि जवळ घेतले की मोठा पक्षी. दोन-तीन ठिकाणी टाचण्या लावून थोडं लांबून बघा, मगच सुई घाला. सुई एका डोळ्यातून डोक्याच्या आरपार दुसऱ्या डोळ्यात काढून धागा हलका ओढला तर डोळ्यांपाशी खोबण पडते आणि चेहऱ्याला जिवंतपणा येतो. हे काम विसाव्या फेरीवर, तोंड उघडं असतानाच करा, म्हणजे गाठी आत राहतील.

चोच. खेळण्यातल्या पक्ष्यांना बहुधा लांब नारिंगी चोच लावतात आणि तिथेच चिमणीची मैना होते. चिमणी दाणे फोडणारी, तिची चोच आखूड, जाड, शंकूसारखी असते. २ मिमीच्या सुईने रिंगमध्ये ४ मुके खांब. दुसरी फेरी (१ मुका खांब, वाढ) दोन वेळा, ६. तिसरी (२ मुके खांब, वाढ) दोन वेळा, ८. शिवायला वीतभर धागा ठेवून कापा. आत भर म्हणून त्याच धाग्याचे तुकडे घाला, फायबर नको. डोळ्यांच्या मधोमध, आठव्या ते दहाव्या फेरीवर ठेवून आठही टाके एकेक करून शिवा, मग दुसरा फेरा उलट दिशेने मारा. नंतर चिमटीत धरून जोरात ओढून बघा. ही चोच त्या नळीत मावण्याइतकी लहान आहे, म्हणून बारशासाठी मी चोचसुद्धा भरतकामानेच काढायला सांगेन: वरून खाली निमुळता होत जाणारा जाडसर त्रिकोण, दोन थरांचा. विणलेली चोच तीन वर्षांवरच्या मुलाच्या चिमणीला शोभू दे.

पंख दोन, तपकिरी, आत भर न घालता चपटे. रिंगमध्ये ६, दुसऱ्या फेरीत १२, तिसरीत (१, वाढ) सहा वेळा म्हणजे १८. चौथी ते सहावी तशाच. सातवी (७, घट) दोन वेळा, १६. आठवी तशीच. पुढे दर फेरीत दोन-दोन घटी, दोन बाजूंना समोरासमोर: १४, १२, १०, ८, ६. धागा ओवून टोक बंद करा, वीत-दोन वीत धागा ठेवा. गोल बाजू खांद्याकडे, टोक शेपटीकडे. खांदा बाराव्या फेरीच्या आसपास येतो. नमुन्यात धड बदामीच राहिलं आहे, त्यामुळे पाठीवर दोन्ही पंखांच्या वरच्या कडा एकमेकींपासून दोनच टाक्यांवर आणा. खऱ्या चिमणीचे मिटलेले पंख पाठ झाकतात, तसंच दिसेल. पंखाची टोकं मोकळी ठेवली तर रूप छान येतं, पण बाळाचं बोट त्याखाली अडकतं. बारशाच्या चिमणीचे पंख चहूबाजूंनी शिवा.

शेपटी: रिंगमध्ये ६, मग १२, तिसरी ते आठवी १२ तशाच, नववी (४, घट) दोन वेळा, १०. दाबून चपटी करा आणि दोन्ही पदर एकत्र घेऊन ५ मुके खांबांनी तोंड बंद करा. पाठीमागे विसाव्या फेरीवर, किंचित खाली उतरती शिवा, टोक जमिनीला टेकलं पाहिजे. वर उचललेली शेपटी लावली की चिमणी हमखास मागे उलथते.

शिवण्याआधी सगळे भाग टाचण्यांनी लावून चिमणी टेबलावर ठेवा आणि समोरून, बाजूने, वरून बघा. किती टाचण्या घेतल्या ते लिहून ठेवा आणि शेवटी तितक्याच परत मोजा. भरलेल्या खेळण्यात टाचणी आत गेली तर बाहेरून दिसत नाही.

ही झाली मादी. तिच्या डोळ्याच्या मागे फिकट भुवईसारखी पट्टी असते, ती बदामी धाग्याच्या तीन टाक्यांनी काढा. खूप फरक पडतो. चिमणा करायचा असेल तर फेरी १ ते ५ राखाडी, ६ ते ८ लालसर तपकिरी, गाल पांढरट आणि चोचीखाली काळा लाळेरं बांधल्यासारखा पट्टा. तो दहाव्या ते तेराव्या फेरीवर, पाच टाके रुंद, भरतकामाने काढायचा. काळ्याचा रंग उतरत नाही ना, हे इथे दुप्पट काळजीने तपासा.

सगळे मिळून साडेबाराशेच्या आसपास टाके होतात. सरावाच्या हाताला चार-पाच तास पुरतात, पहिल्यांदा करणारीने दहा-बारा तास धरावेत. बारसं बाराव्या दिवशी असेल तर बाळ झाल्यावर सुरुवात केलीत तर शिवणकाम आदल्या रात्री होणार आणि चोच वाकडी बसणार. निदान धड आणि पंख आधी तयार ठेवा.

पाळण्यावर चिमण्या टांगायची आपल्याकडे जुनीच पद्धत आहे, त्यामुळे ही चिमणीही कुणीतरी दोरीने पाळण्याला बांधेल. बाळ हाताने पकडायला लागलं की लोंबती दोरी धोक्याची, हे मैत्रिणीला सांगून ठेवा. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना मऊ खेळणी त्याच्याजवळ ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा चिमणी जागेपणी, मोठ्यांच्या देखतच हातात द्यायची.

धुवायचं कसं, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने दाबत धुवायची, पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत पालथी-उताणी करत वाळवायची. पावसाळ्यात वरून कोरडी लागली तरी आतला फायबर ओला असतो आणि दोन दिवसांत कुबट वास येतो, तेव्हा पंख्याखाली पुरे दोन दिवस ठेवायला सांगा. चिठ्ठीलाच तपकिरी आणि बदामी धाग्याचा दोन-दोन मीटरचा तुकडा गुंडाळून द्या. पंखाची शिवण कधी सैल झाली तर त्याच छटेचा धागा पुन्हा दुकानात मिळेलच असं नाही.